नऊ आणि बारा यांच्या मध्ये

सोमवारच्या बैठकीत भिंतीवर आलेख दाखवला, तेव्हा त्यातली फट तिला सगळ्यांच्या आधी दिसली आणि ती आपली आहे हे सगळ्यांच्या नंतर कळलं. आडव्या रेघेवर मिलीमीटर होते, उभ्या रेघेवर माणसं. शून्यावर मोठा मनोरा, कारण बऱ्याच जणांच्या हातावर काही उठतच नाही. पुढे पाच-सहापासून हळूहळू चढण, नऊवर एकदम उंच खांब, मग दहाच्या जागी काही नाही, अकराच्या जागी काही नाही, आणि बारापासून जणू काही झालंच नाही अशा थाटात उतरण सुरू. पुढचे दोन दात पडलेल्या तोंडासारखं ते दिसत होतं. तिला हसू आलं. कुणीतरी अंगचोर दिसतोय, असं तिने मनातल्या मनात म्हणूनही घेतलं. तेवढ्यात सांख्यिकीवाली, जी नेहमी खुर्चीच्या टोकावर बसते आणि कुणाला वाईट बातमी द्यायची असेल तर आधी चष्मा पुसते, ती चष्मा पुसत म्हणाली, "ही ताईंची मोजणी आहे. अकराशे चाळीस हात. दहा एकही नाही. अकरा एकही नाही." कुणीतरी कप बशीत ठेवला, तो आवाज उगाचच मोठा झाला.

डॉक्टर समजूतदार माणूस. "सिस्टर, हे सगळ्यांचं होतं," ते म्हणाले. "लोक दहावर गोळा करतात, पंधरावर गोळा करतात. पट्टीवर तिथे लांब रेघ असते ना, डोळा तिथेच जातो."

"ताईंचं उलटं आहे, सर," सांख्यिकीवाली म्हणाली. "डोळा तिथून पळालाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तीनदा पडताळून आलेल्या माणसाची सभ्यता होती, आणि सभ्यतेशी भांडता येत नाही. ठरलं ते असं: मंगळवारी वीस कामगारांना पुन्हा टोचायचं. गुरुवारी त्यांचे हात पडद्याच्या फटींतून बाहेर काढायचे, म्हणजे चेहरे दिसणार नाहीत. ती मोजेल, दुसऱ्या केंद्रावरचा एक मोजणारा येईल, तोही मोजेल. जुळलं तर तिचे आकडे राहतील. नाही जुळलं तर अकराशे चाळीस हात पाहणीतून काढून टाकायचे, म्हणजे दोन वर्षं गेली आणि पाहणीचा एक लचका गेला. "जुळेल हो," डॉक्टर म्हणाले. ते तिला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

काम तसं साधं होतं. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी, गाऊन, पडदे धुणारे चार कारखाने, आणि तिथल्या किती जणांच्या अंगात क्षयाचा जंतू शिरलाय याची पाहणी. हाताच्या आतल्या बाजूला कातडीखाली एक थेंब टोचायचा आणि तिसऱ्या दिवशी तिथे किती कडक फुगवटा आला ते मोजायचं. लाली मोजायची नाही, लाली फसवते. बॉलपेन घ्यायचं आणि बाहेरून मध्याकडे हलक्या हाताने रेघ ओढत न्यायची. पेन सरकत जातं आणि एका जागी अडतं, चालताना पायाला सतरंजीची कड लागावी तसं. तिथे थांबायचं. मग दुसऱ्या बाजूने तेच. दोन रेघांच्या मधलं अंतर हा त्या माणसाचा आकडा. दहा किंवा जास्त असेल तर जंतू आत आहे असं धरायचं: छातीचा फोटो, काही महिने गोळ्या, आणि डॉक्टर सांगेपर्यंत सॉर्टिंगच्या, म्हणजे मळके कपडे निवडायच्या, टेबलावरून सुट्टी. नऊ असेल तर बाही खाली करा, कामाला लागा. कामगार तिला मिलीमीटरबाई म्हणत, आणि ते कानावर आलं की तिला बरं वाटे. बावीस वर्षांत तिने हजारो हात पाहिले होते आणि माणसांपेक्षा त्यांच्या हातांचा हिशेब तिच्याकडे चोख होता. कुणी हात असा पुढे करतो की जणू प्रसाद घ्यायचाय. कुणी मोजून होईपर्यंत छताकडे बघतो. मुकादम स्वतःचा हात सगळ्यात शेवटी देतात आणि मोजताना दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताबद्दल बोलतात. घाबरलेल्या माणसाचा हात थंड असतो आणि फार घाबरलेल्याचा गरम. इतकं सगळं लक्षात ठेवणाऱ्या बाईला दोन वर्षांत एकदाही दहा भेटला नाही हे लक्षात आलं नव्हतं.

बैठकीनंतर ती सवयीने मोठ्या कारखान्यात गेली. सोमवार हा तिथला वार होता. तिथे मधोमध भिंत आहे आणि भिंतीतच धुण्याची मशिनं बसवलेली आहेत, एक दार मळक्या बाजूला, एक दार स्वच्छ बाजूला. चादर भिंतीतून जाते, माणसांनी मात्र बाहेरून वळसा घालून यायचं, हात धुऊन, कपडे बदलून. ती वळसा घालताना विचार करत होती की मला नक्की काय व्हायला हवंय. जुळायला हवंय, हे तर उघड होतं. पण त्या उघड उत्तरापाशी मन थांबेना. पेन अडतं ती जागा तिने डोळ्यांसमोर आणून पाहिली. अडतं आणि थांबतं, की अडल्यावर किंचित पुढे जातं? अर्धा मिलीमीटर इकडून, अर्धा तिकडून. दहाचे नऊ व्हायला तेवढंच लागतं. हे मी करते? बोटं करतात? की बोटांना कळतच नाही? कारण साखर निघाल्याला आता दोन वर्षं होत आली होती, आणि कधी कधी सकाळी बोटांच्या टोकांवर पातळ मोजा चढवल्यासारखं वाटे. हे तिने कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं. आता तेच खरं निघावं असं तिला वाटायला लागलं. बोटं बधिर असतील तर बरं, असं वाटून तिला थोडं हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

सॉर्टिंगच्या टेबलावर रेडिओ होती. तिला सगळे रेडिओच म्हणत, कारण ती सकाळी सुरू होई ती पाळी संपेपर्यंत. चादरी झटकायच्या नाहीत, उलगडून बघायच्या: सुई, कात्री, एकदा अख्खी कवळी निघाली होती. "बाई, त्या कवळीचा मालक अजून माझ्या स्वप्नात येतो, म्हणतो माझं हसू परत दे," असं ती प्रत्येक नव्या माणसाला सांगे. आज ती तिच्या सुनेबद्दल बोलत होती आणि मधे मधे खोकत होती.

"हे कधीपासून?"

"खोकला? तीन आठवडे झाले असतील. भुसा आहे हो बाई कपड्यांचा. ह्या टेबलावर जो खोकत नाही तो काम करत नाही, असं मुकादमच म्हणतो."

"वजन?"

"वजन उतरलं तर तुमच्या तोंडात साखर पडो. वीस वर्षं वाट बघतेय."

रेडिओच्या हाताचा आकडा नऊ होता. हे तिला यादी न बघता आठवलं, कारण तो दिवस आठवत होता. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. रेडिओच्या घरी नातू येऊन अकरा दिवस झाले होते, आणि मनगटावर इस्त्रीच्या रोलरचा जुना डाग असलेला हात पुढे करून ती म्हणाली होती की बाळ रात्रंदिवस माझ्याच अंगावर असतं, सुनेला बरं नाही, आता तुमच्या ह्या फोडात काही निघालं तर मला दारातच ठेवतील बघा. हसतच म्हणाली होती. पेनची पहिली रेघ आठवत होती. दुसरी रेघ आठवत नव्हती. तिथे आठवणीत एक पांढरी जागा होती, आणि ती कितीही दाबून पाहिली तरी खाली काही कडक लागत नव्हतं. त्याऐवजी भलताच माणूस वर येत होता, फार जुना, तिच्या पहिल्या वर्षातला. दगड फोडणारा. त्याचे बरोबर दहा आले होते आणि ती नवी असल्यामुळे खूश झाली होती, इतका स्वच्छ दहा. महिन्याने तो परत आला. घरात त्याचं ताट वेगळं केलं होतं, पोरांना जवळ येऊ देत नव्हते. "परत मोजा," तो म्हणाला. हातावर तोवर काहीच उरलं नव्हतं, महिन्याने काय उरणार. तिने समजावलं की हे असं परत मोजता येत नाही, आणि आत जंतू असला तरी तुमच्यापासून कुणाला काही होत नाही, गोळ्या घ्या म्हणजे झालं. तो सगळं ऐकून म्हणाला, "ते बरोबर आहे. पण तुम्ही नऊ लिहिले असते तर?" तिला त्या वेळी वाटलं होतं, अडाणी माणूस आहे. आता तिला वाटलं की तो गेलाच नसावा.

"नाव दे तुझं गुरुवारसाठी," ती रेडिओला म्हणाली. "वीस जण हवेत."

"परत टोचणार? नापास झाले का मी?"

"मी झाले बहुतेक."

"मग तुम्हालाच टोचा की," असं म्हणत रेडिओ हसली आणि हसता हसता तिला पुन्हा उबळ आली. खोकला संपेपर्यंत दोघीही टेबलावरच्या चादरीकडे बघत राहिल्या.

घरी नवरा दिवाणखान्यात पंख्याचा सांगाडा उघडून बसला होता. तो वीजमंडळात मीटर वाचायचा. निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक चालू वस्तू तो उघडून बघतो आणि परत जोडताना एक स्क्रू उरवतो. त्याच्या दंडावर डास चावून गांध उठली होती. तिने पर्समधून बॉलपेन काढलं.

"हे काय?"

"हलू नका."

"डासाचीपण पाहणी काढली का सरकारने?"

तिने दोन्ही बाजूंनी रेघा ओढल्या, पट्टी लावली. सात. पुसून पुन्हा ओढल्या. सात. डोळे मिटून ओढल्या. साडेसहा, म्हणजे सातच. कड स्पष्ट लागत होती. त्याने हाताकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पंखा बाजूला ठेवला. मग तिने त्याला सगळं सांगितलं, फटीपासून रेडिओपर्यंत, फक्त साखरेचा विषय गाळून. नेहमी तो मधेच तोंड घाली, आज घातलं नाही, त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

"मी तीस वर्षांत एक युनिट इकडचं तिकडे केलं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"पण मीटर म्हणत नाही ना, घरात अकरा दिवसांचं पोर आहे. त्याला तोंड असतं तर मी काय लिहिलं असतं, देव जाणे." तो पुन्हा पंख्याकडे वळला. पाठमोराच म्हणाला, "बोटांचं तू बोलली नाहीस, पण मागच्या महिन्यात तू दुधाचं भांडं कडेला धरून उतरवलंस आणि तुला चटका उशिरा लागला. मी बघितलं होतं."

म्हणजे त्यालाही माहीत होतं. पण डासाची गांध तर बरोबर मोजली गेली होती, तीनदा. चटका उशिरा लागतो आणि कड वेळेवर लागते, असं कसं होईल? की नवऱ्याच्या दंडाची काही भीड नव्हती म्हणून? रात्री आणि दुसऱ्या दिवशीही ती सापडेल त्याची कड चाचपत होती, टेबलाची, पुस्तकाची, गादीच्या शिवणीची, आणि प्रत्येक कड लागत होती, आणि प्रत्येक वेळी लागली याचं वाईट वाटत होतं.

गुरुवारी पडदा म्हणून कारखान्यातलीच हिरवी चादर बांधली होती, तिला चार फटी पाडल्या होत्या. पलीकडे कामगार बसवले होते आणि कुणी बोलायचं नाही असं बजावलं होतं. दुसरा मोजणारा तिच्या आधी मोजून गेला होता. तो मितभाषी, नखं अगदी कापलेली, जाताना त्याने तिला नुसती मान हलवली. त्याच्या रेघा स्पिरिटने पुसून टाकल्या होत्या. सांख्यिकीवाली तक्ता घेऊन बसली होती. फटीतून एक एक हात बाहेर येई, कोपरापासून पुढचा, कुणाचाच नसल्यासारखा. आश्चर्य म्हणजे ते सोपं गेलं. हाताला चेहरा नसला की पेन कसं नीट अडतं, हे तिला पहिल्यांदा कळलं. "शून्य." "चौदा." "सहा." सहाव्या हाताला पट्टी लावली आणि तोंडातून निघालं, "दहा." शब्द तोंडात परका वाटला, दुसऱ्याच्या चमच्याने खाल्ल्यासारखा. सांख्यिकीवालीने वर न बघता लिहिला. नवव्याला पुन्हा दहा. अकराव्याला अकरा. इतकी वर्षं कुठे होते हे, असं तिला वाटलं, आणि लगेच उत्तर आलं की इथेच होते.

चौदावा हात बाहेर आला तेव्हा त्यावर मनगटाजवळ इस्त्रीच्या रोलरने भाजल्याचा लांबट, गुळगुळीत डाग होता. आणि पडद्यामागे कुणीतरी खोकला दाबत होतं, श्वास नाकात अडकवून, बोलायचं नाही म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच रेडिओ बंद होती. तिने पहिली रेघ ओढली. ती अडली. अडली की मी अडवली? दुसरी ओढली. कड इथे आहे, की अजून जरा अलीकडे, म्हणजे फुगवटा जास्त रुंद, म्हणजे नक्की दिसेल असा? पट्टी लावली. "तेरा," ती म्हणाली, आणि सांख्यिकीवालीने पहिल्यांदाच वर पाहिलं. मग पुन्हा तक्त्याकडे वळली.

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत निकाल आला. वीसपैकी एकोणीस जुळले होते, एक मिलीमीटर इकडे तिकडे. डॉक्टरांनी खुर्ची मागे ढकलली. "सांगितलं होतं ना. हात अजून सोन्याचा आहे. एक चौदा नंबर तेवढा, त्याने दहा मोजलेत, तुम्ही तेरा. चालतं, दोन्ही दहा किंवा वर आहेत. आकडे राहतील, सिस्टर."

म्हणजे बोटं बरी होती. ती खोलीत उभी होती आणि कुणीतरी हातातली शेवटची काठी काढून घेतल्यासारखं तिला वाटलं. बोटांना सगळं कळत होतं. कळून त्यांनी दोन वर्षं नऊ लिहिले होते, आणि आज कळून तेरा. चौदा नंबरला त्यांनी तीन मिलीमीटर पुढे ढकललं होतं, चार महिन्यांपूर्वीचं भरून काढायला, तिला न विचारता. की विचारून?

"चौदा नंबर मी ओळखून मोजला," ती म्हणाली. "डाग होता हातावर."

"बरं. मग तो एक गाळू."

"नऊ लिहिलेल्यांची यादी द्या मला."

"कशाला आता? जुळलंय ना सगळं."

"जुळलंय म्हणूनच."

डॉक्टर सांख्यिकीवालीकडे बघायला लागले. तिने चष्मा काढला, पण पुसला नाही. "एकशे शहाऐंशी आहेत," ती म्हणाली. "चढणीच्या हिशेबाने साठ-सत्तर असायला हवेत. बाकीचे दहा-अकराचे असणार. पण कोणते, ते सांगता येणार नाही. आता परत टोचून उपयोग नाही, ताई. दुसऱ्यांदा टोचलं की हाताला जुनं आठवतं, फुगवटा आधीपेक्षा मोठा येतो. चौदा नंबरचे आज दहा आले यावरून तेव्हा किती होते हे कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा नऊसुद्धा असतील."

"असतील?"

"असतील."

हे 'असतील' तिला कुठे ठेवावं कळेना. धरून बसावं इतकं ते भक्कम नव्हतं आणि टाकून द्यावं इतकं खोटं नव्हतं. डॉक्टर बोलत होते: एकशे शहाऐंशी लोकांचे छातीचे फोटो, त्यातल्या निदान साठ जणांना उगाच घोर, कारखान्याचे मालक काय म्हणतील, आणि हे एकदा कागदावर आलं की तुमचे नुसते नऊ नाही, सगळेच आकडे जातील, हे तुम्हाला कळतंय ना, सिस्टर. ती म्हणाली कळतंय. खरं तर तिला एवढंच कळत होतं की आपण हे बोलतोय. चांगुलपणाने बोलतोय की तेरासारखंच बोट पुन्हा आपणहून सरकलंय, हे कळत नव्हतं. "कागदावर आणा," ती म्हणाली. "मी सही करते. आणि आज आधी चौदा नंबर."

रेडिओ मळक्या बाजूच्या दाराशी हातावरच्या पेनच्या रेघा थुंकी लावून पुसत होती.

"किती निघाले?"

"त्यांनी दहा मोजले. फोटो काढायचाय छातीचा. आत्ताच चल, मी येते बरोबर. थुंकीपण तपासू."

"दहा म्हणजे आहे." रेडिओने पुसणं थांबवलं. "आणि मागच्या वेळी?"

"नऊ लिहिले होते."

"लिहिले होते, ते कळलं. होते किती?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "जास्त असतील. मी तेव्हा नीट मोजलं नाही. का, ते मला सांगता येत नाहीये."

रेडिओ तिच्याकडे बघत होती. शिवी येईल असं तिला वाटलं, निदान एखादा टोमणा. त्याची तिने तयारीही ठेवली. रेडिओ म्हणाली, "बाळ माझ्याजवळ झोपतं, बाई. चार महिने." आणि कामाच्या कोटाची बाही खाली ओढून मनगटाचं बटण लावायला लागली. ते लागेना. तिने मदतीला हात पुढे केला, तो तसाच राहिला.

"बाळालाही घेऊन येऊ. उद्याच. तपासून घेऊ."

"सुनेला मी सांगेन," रेडिओ म्हणाली. "तुम्ही नका येऊ घरी."

फोटोची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती. रेडिओ पुढे निघाली. रस्त्याच्या पार कडेने ती चालत होती, पदर तोंडावर धरून, आणि बाईंनी पावलं उचलली की रेडिओही उचलत होती, त्यामुळे मधलं अंतर कमी होत नव्हतं. आपला खोकला बाईंना लागू नये म्हणून ती लांब चालत होती, की बाईंपासूनच लांब चालत होती, हे पाठीकडे बघून वाचता येत नव्हतं. ती तेवढंच अंतर ठेवून मागून चालत राहिली.